पहिल्यांदाच साप पाळताय? आधी टँक, मग साप : नवख्यांसाठी सविस्तर माहिती

साप पाळायचं डोक्यात आलं की बरेच जण आधी साप घेऊन येतात आणि मग त्याला ठेवायचं कशात, गरम कसं ठेवायचं, खायला काय द्यायचं याची धावपळ सुरू होते. आणि ही सगळी धावपळ त्या बिचाऱ्या सापासमोरच चालते, जो आधीच नव्या जागेने बिथरलेला असतो. हा क्रम उलटा करा. टँक, म्हणजे साप ठेवायची बंद पेटी, आधी लावा, तो आठवडाभर रिकामाच चालू ठेवून तापमान बघा, आणि सगळं स्थिर झालं की मगच साप आणा. या पूर्ण लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, की साप आजारी पडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या तापमानाने किंवा माणसाच्या उतावीळपणाने, म्हणजे ऊब नीट दिली आणि हात आवरला की अर्धं काम झालं.

आणायच्या आधी स्वतःला विचारायचं

कॉर्न स्नेक नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो, बॉल पायथन २० ते ३० वर्षं. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या साठी ओलांडलेल्या बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली होती, म्हणजे हे प्रकरण किती लांब जाऊ शकतं बघा. शिक्षण, नोकरी, लग्न, घर बदलणं या सगळ्यात हा प्राणी तुमच्यासोबत असणार आहे.

दुसरं म्हणजे सापाला कुत्र्या-मांजरासारखा लळा लागत नाही. तो तुमच्या हाताला सरावतो, हा वास धोक्याचा नाही हे त्याला कळतं, आणि तेवढंच. मला स्वतःला यात काही कमी वाटत नाही, उलट एखादा प्राणी आपल्याकडून काहीही न मागता शांतपणे आपल्यासमोर जगतोय हे बघण्यातच सगळी मजा आहे, पण तुम्हाला जवळ येऊन बसणारा प्राणी हवा असेल तर साप आणू नका, दोघांचेही हाल होतील.

तिसरं, साप अख्खा प्राणी खातो. फ्रीझरमध्ये मेलेले उंदीर ठेवावे लागतील. घरातल्या सगळ्यांना हे आधी सांगा आणि त्यांची तयारी आहे का ते स्पष्ट विचारा. साप आल्यावर फ्रीझरवरून वाद झाला तर शेवटी सापालाच घर सोडावं लागतं.

चौथं, कायदा. प्रत्येक देशात, काही ठिकाणी तर प्रत्येक राज्यात नियम वेगळे आहेत, काही जाती पाळायला पूर्ण बंदी, काहींना परवाना, काहींची नोंदणी. बॉल पायथन तर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात नेताना कागदपत्रं लागतात. तुम्ही राहता तिथला नियम वन खात्याच्या किंवा वन्यजीव खात्याच्या अधिकृत माहितीत बघा, विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि रानातला साप पकडून आणून पाळायचा विचार सोडूनच द्या, तो बेकायदेशीर असण्याची शक्यता मोठी, त्याच्या अंगावर आणि पोटात परजीवी असतात, तो कैदेत धड खात नाही, आणि ओळखण्यात चूक झाली तर जिवावर बेतेल.

पाचवं, सापांवर उपचार करणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. सगळे पशुवैद्य सरपटणारे प्राणी बघत नाहीत, आणि साप आजारी पडल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

कोणता साप घ्यायचा

नवख्या माणसाला माझा सल्ला विचाराल तर कॉर्न स्नेक. बिनविषारी, स्वभावाने बरा, खायला सहसा कटकट करत नाही, ९० ते १५० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि तापमानात थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतो. बॉल पायथनही चांगला, आणखी शांत, जाडजूड आणि सावकाश हलणारा, पण त्याला ओलावा नीट लागतो आणि कधीकधी तो महिनोन्महिने खाणं सोडतो, नवखा मालक तेव्हा पार खचून जातो. किंग स्नेक आणि मिल्क स्नेक चांगले आहेत, फक्त किंग स्नेक निसर्गात दुसरे साप खातो हे ध्यानात असू द्या. हॉगनोज दिसायला फार गोड, बरेच जण त्यानेच सुरुवात करतात, पण त्याच्या तोंडात मागच्या बाजूला दात आणि सौम्य विष असतं, त्यामुळे मी तरी त्याला पहिला साप म्हणून सुचवणार नाही.

रेटिक्युलेटेड पायथन, बर्मीज पायथन, अॅनाकोंडा हे पिल्लू असताना कितीही छान दिसोत, नको. बर्मीज पायथनचं पिल्लू काही वर्षांत एकट्याने उचलता येणार नाही एवढं होतं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात लोकांनी सोडलेल्या आणि निसटलेल्या बर्मीज पायथननी तिथल्या प्राण्यांची जी वाट लावली आहे ती अजून निस्तरता आलेली नाही. म्हणूनच, कोणताही पाळलेला साप झेपेनासा झाला तरी बाहेर सोडायचा नाही, दुसरा जबाबदार माणूस किंवा बचाव संस्था शोधायची.

साप घ्यायचा तो कैदेत जन्मलेलाच. घेताना हे बघा : डोळे स्वच्छ, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ नाही, अंगाला कातेचे तुकडे चिकटलेले नाहीत, पाठीचा कणा वर आलेला दिसत नाही, हातात घेतल्यावर अंगात जोर जाणवतो, जीभ लवलवते. विकणाऱ्याला त्याच्या खाण्याची नोंद मागा आणि शक्य असेल तर समोर खायला घालायला सांगा. जो साप मेलेला उंदीर न चुकता खातोय तोच घ्या, 'घरी गेल्यावर खाईल' या आश्वासनावर घेऊ नका. आणि बॉल पायथनच्या रंगांच्या जातीत स्पायडर नावाची जात आहे, तिच्यात जन्मतःच मेंदूशी संबंधित दोष असतो, डोकं डुगडुगतं, तोल जातो, ती कितीही सुंदर दिसली तरी विकत घेऊन त्या पैदाशीला हातभार लावू नये असं माझं ठाम मत आहे.

एका टँकमध्ये एकच साप. दोघं एकमेकांवर चढून बसलेले दिसले की लोकांना ते प्रेम वाटतं, प्रत्यक्षात ती उबेच्या जागेसाठी ओढाताण असते.

टँक

पूर्ण वाढलेल्या कॉर्न स्नेकला किंवा बॉल पायथनला १२० × ६० × ६० सेंटीमीटरचा टँक द्या. पिल्लाला मोठा टँक दिला तर ते घाबरतं असं म्हणतात, पण ते घाबरतं मोकळ्या उघड्या जागेला, त्यामुळे टँक मोठा असला तरी आत फांद्या, साल, खोटी पानं, लपायच्या जागा ठासून भरल्या की काही त्रास होत नाही. फक्त लहान पिल्लू फटीतून निसटतं ते बघा. सापाचं डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो, आणि रात्रभर तो तेच काम करत असतो, नाकाने ढकलून ढकलून कुठे सैल आहे ते शोधायचं. झाकणाला क्लिपा किंवा कुलूप हवंच. वर पुस्तकं ठेवून चालत नाही.

लपायच्या जागा निदान दोन, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला. एकच असेल तर साप ऊब की सुरक्षितता यातलं एक निवडतो, आणि तो बहुधा सुरक्षितता निवडतो, मग थंडीत बसून त्याचं पचन बिघडतं. लपायची जागा ऐसपैस नको, घट्ट हवी, वेटोळं घालून बसल्यावर पाठीला आणि बाजूंना भिंत लागली की त्याला निवांत वाटतं.

तळाला काय घालायचं : कॉर्न स्नेकला अॅस्पेनच्या लाकडाचा भुसा उत्तम, त्यात ते बोगदे करून फिरतात. बॉल पायथनला नारळाच्या सालीचे तुकडे किंवा सायप्रसचा भुसा, कारण ते ओलावा धरून ठेवतात आणि अॅस्पेन ओला झाला की बुरशी धरतो. देवदार आणि पाइनचा भुसा अजिबात नको, त्यातल्या तेलांच्या वाफा सापाच्या फुप्फुसाला बाधतात. वाळूही नको. नवीन साप आल्यावर पहिले एक-दोन महिने साधे कागदी टॉवेल अंथरा, दिसायला बरे नाहीत पण विष्ठा कशी आहे, अंगावरून काही किडे पडतायत का हे लगेच दिसतं.

पाण्याचं भांडं जड घ्या, उलटणार नाही असं, आणि पाणी रोज बदला.

ऊब, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं

साप स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून टिकवू शकत नाही, तो जागा बदलून ती मिळवतो. म्हणून अख्खा टँक एकाच तापमानाला ठेवणं चूक आहे, एक टोक गरम आणि दुसरं थंड हवं, म्हणजे त्याला जे हवं ते तो निवडेल. कॉर्न स्नेकसाठी गरम बाजू २९ ते ३१ अंश सेल्सियस, थंड बाजू २२ ते २५. बॉल पायथनसाठी गरम जागा ३१ ते ३३, थंड बाजू २५ ते २७, आणि रात्री २४ च्या खाली जाऊ देऊ नका. ओलावा कॉर्नला ४० ते ६० टक्के पुरतो, बॉल पायथनला ५५ ते ७० आणि कात टाकताना त्याहून थोडा जास्त.

उष्णतेसाठी टँकखाली लावायची हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) चालते, वरून लावायचा दिवा किंवा सिरॅमिक हीटर चालतो, पण काहीही लावा, त्याला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला उष्णता आपोआप चालू-बंद करणारं उपकरण, पाहिजेच. यात तडजोड नाही. थर्मोस्टॅट नसलेली मॅट ४० अंशांच्या वर सहज जाते, आणि साप खालून भाजत असला तरी तिथून पटकन उठतोच असं नाही, तो तसाच बसून राहतो आणि सकाळी पोटाचे खवले लालभडक किंवा तपकिरी झालेले दिसतात. असे चटके भरायला महिने लागतात, तेही पशुवैद्याच्या उपचाराने. विजेवर तापणारे जे खोटे दगड मिळतात ते याच कारणासाठी घेऊ नका. दिवा आत असेल तर त्याला जाळी हवी, साप त्याला विळखा घालून बसतो.

मॅट तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली येईल अशी, एका टोकाला लावा. आता थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, कुठे ठेवायचा यात बरेच जण चुकतात. प्रोब भुशाच्या वर ठेवला तर तो वरचं, कमी तापमान वाचतो, थर्मोस्टॅटला वाटतं अजून गरम करायचंय, आणि साप भुसा उकरून खाली काचेवर गेला की तिथे कितीतरी जास्त गरम असतं. म्हणून साप पोचू शकेल अशी जी सगळ्यात गरम जागा, म्हणजे मॅटच्या बरोबर वरची काच, तिथे प्रोब हवा. याच कारणाने मॅटवर भुशाचा थरही पातळच ठेवा. शिवाय एक वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवा, थर्मोस्टॅटच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. घड्याळासारखे गोल चिकटवायचे थर्मामीटर फसवे असतात.

प्रोबची वायर टँकच्या आत चिकटपट्टीने लावू नका बरं का. ती सुटते, सापाच्या अंगाला चिकटते, आणि ओढून काढली की खवले निघून येतात. वायर खाचेतून किंवा गरम गोंदाने बसवा. कधी चिकटलीच तर खाद्यतेल लावून हळूहळू सोडवायची, ओढायची नाही.

हे सगळं लावून आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा आकडे बघा, सकाळी, दुपारी, रात्री उशिरा. खोलीचं तापमान बदललं की टँकचं किती बदलतं ते कळेल. काचेच्या टँकला वर जाळीचं झाकण असेल तर ओलावा उडून जातो, तेव्हा निम्मी जाळी अॅल्युमिनियम फॉइलने झाका, मात्र दिवा त्या जाळीवर असेल तर त्याच्यापासून लांब.

साप घरी आला

आणलेल्या पिशवीतून किंवा डब्यातून टँकमध्ये सोडा, झाकण लावा आणि बाजूला व्हा. पहिला आठवडा पाणी बदलणं आणि घाण काढणं एवढंच. फोटो, मित्रांना दाखवणं, हातात घेणं काही नाही. माहिती आहे, फार अवघड जातं, इतके दिवस वाट बघून आणलेला असतो. पण त्याच्या बाजूने विचार करा, सगळे वास बदललेत, जमिनीतून येणारी कंपनं बदललीत, आणि वरून एक प्रचंड आकार सारखा डोकावतोय. दिवसा तो लपून बसणार, रात्री फिरणार, हे नॉर्मल आहे. टँक टीव्ही, स्पीकर आणि सतत उघडझाप होणाऱ्या दाराजवळ ठेवू नका, आणि थेट ऊन येतं तिथे तर कधीच नाही, बंद काचेत उन्हाने काही मिनिटांत साप मरू शकतो.

खाणं

आठवडा झाला की पहिलं खाणं. मारून गोठवलेले उंदीरच द्या. जिवंत उंदीर देणं मला दोन्ही बाजूंनी क्रूर वाटतं, उंदराचे हाल होतात आणि उंदीर सापाला चावतो, भूक नसलेल्या सापाला उंदराने कुरतडल्याच्या जखमा फार वाईट असतात. दूध, शिजवलेलं मांस, मांसाचे तुकडे यातलं काहीच चालत नाही, सापाला हाडं, केस, आतडी सगळ्यासकट अख्खा प्राणी लागतो, कॅल्शियम त्यातूनच मिळतं.

आकार : सापाच्या शरीराचा जो सगळ्यात जाड भाग, साधारण तेवढ्याच जाडीचा उंदीर. खाल्ल्यावर पोटाजवळ थोडा फुगवटा दिसला पाहिजे, गाठ मारल्यासारखं नको. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला केस न आलेलं उंदराचं पिल्लू, ज्याला पिंकी म्हणतात, दर ५ ते ७ दिवसांनी. मोठ्या कॉर्नला दर १० ते १४ दिवसांनी एक मोठा उंदीर. बॉल पायथनच्या पिल्लाला आठवड्याला एकदा, मोठ्याला दर २ ते ४ आठवड्यांनी. पाळलेले साप उपाशी मरण्यापेक्षा लठ्ठ होतात हेच जास्त दिसतं, तेव्हा 'मागतोय' म्हणून देत बसू नका, साप कायम मागतच असतो.

उंदीर आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून बंद पिशवीत फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा. दुसऱ्या दिवशी पिशवीसकट गरम पाण्यात, हाताला छान गरम लागेल पण चटका बसणार नाही इतक्या, १५-२० मिनिटं. मायक्रोवेव्ह नाही, आतून शिजतो आणि फुटतो. बोटाने दाबून पोट मऊ आहे, आत बर्फाची गाठ नाही याची खात्री करा, मग डोकं थोडं जास्त गरम करून कोरडं पुसा, कारण बॉल पायथन ओठांवरच्या खळग्यांनी उष्णता ओळखतो आणि गरम डोक्यावरच झेप घेतो.

आता लांब चिमट्यात उंदराला कमरेजवळ धरा आणि लपायच्या जागेच्या तोंडाशी हळू हलवा. बघत राहा. आधी जीभ भराभर बाहेर येते, मग तिचा वेग मंदावतो, डोकं एका जागी स्थिर होतं, मान मागे नागमोडी गोळा होते, आणि पुढचं डोळ्याला नीट दिसतही नाही, उंदीर एकदम वेटोळ्यात. चिमटा सोडा आणि हलू नका. काही मिनिटांनी वेटोळं सैल पडतं, साप नाकाने उंदराचं डोकं शोधतो, कधी शेपटीकडून दोनदा फिरून परत येतो, आणि मग गिळायला लागतो, डावी बाजू पुढे, उजवी बाजू पुढे. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हाडाने जोडलेले नसतात, ताणल्या जाणाऱ्या धाग्यांनी जोडलेले असतात, म्हणून हे जमतं. गिळून झालं की तो मोठ्या मोठ्या जांभया देतो, जबडा जागेवर बसवतो. मला तर हे कितीही वेळा बघितलं तरी पुरत नाही.

यानंतर ४८ तास हात लावायचा नाही. खाल्ल्यावर उचललं, टँक थंड असला, किंवा उंदीर फार मोठा दिला तर साप ओकतो, आणि ओकणं सापाला फार जड जातं, पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं. ओकला तर ताबडतोब परत खायला देऊ नका, १० ते १४ दिवस फक्त पाणी, तापमान तपासा, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर. दुसऱ्यांदा ओकला तर थेट पशुवैद्य.

आणि खाल्लंच नाही तर? तासाभराने उंदीर काढून टाका, परत गोठवू नका, आठवड्याने पुन्हा प्रयत्न करा. रोज उंदीर नाचवत बसलात तर साप आणखी बिचकतो. तापमान बघा, लपायच्या जागा बघा, कात जवळ आली आहे का बघा. बॉल पायथनचा मोठा नर प्रजननाच्या काळात दोन-तीन महिने सहज उपाशी राहतो, वजन टिकून आहे तोवर घाबरायचं नाही. ग्रॅममध्ये दाखवणारा छोटा वजनकाटा म्हणूनच घ्या. वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं, किंवा पिल्लूच खात नसेल, तर वाट बघू नका.

हातात घेणं

साप दोन-तीनदा व्यवस्थित खाऊन पचवायला लागला की मग. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला ५ मिनिटं, पुढे १०-१५. उंदराला हात लावला असेल तर आधी साबणाने धुवा, नाहीतर तुमची बोटंच त्याला खाणं वाटतील. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका, निसर्गात वरून येतो तो शिकारी. बाजूने, खालून, शरीराच्या मध्यावर, न डगमगता उचला आणि दोन्ही हातांवर वजन तोला. डोकं धरायचं नाही, शेपटीला लटकवायचं नाही, एका हातातून दुसऱ्या हातावर त्याला सरकू द्या. टँक उघडल्यावर आधी कागदाच्या गुंडाळीने किंवा हुकने अंगाला हलका स्पर्श केला की ही खाण्याची वेळ नाही हे तो हळूहळू शिकतो, ही सवय दोघांनाही उपयोगी.

मान मागे ओढून नागमोडी केली, फुत्कार टाकला, शेपूट थरथरवली (कॉर्न स्नेक हे करतात), बॉल पायथनने डोकं आत घेऊन गोळा केला, तर तो सरळ 'नको' म्हणतोय. आज नको तर नको. पण हातात आल्यावर जरा वळवळला म्हणून लगेच ठेवूनही देऊ नका, शांत झाल्यावर ठेवा.

चावला तर? बिनविषारी पिल्लाचं चावणं म्हणजे बारीक ओरखडे. हात झटकू नका, सापाचे दात मागे वळलेले असतात, ओढलं तर त्याचे दात तुटतात आणि तुमची कातडी फाटते. सोडत नसेल तर तोंडावर गार पाणी सोडा. मग जखम साबणाने धुवा, सूज वाढली तर डॉक्टरला दाखवा.

कात

अंगाचा रंग मळकट होतो, पोट गुलाबीसर दिसतं, आणि डोळे धुरकट निळे होतात. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर निघतो, म्हणून हे धुरकटपण. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, चिडका असतो, खात नाही, त्याला एकटं सोडा. काही दिवसांनी डोळे परत स्वच्छ होतात आणि नवख्याला वाटतं झालं बहुतेक, तर नाही, कात त्यानंतर ३ ते ७ दिवसांत निघते. साप नाक खरबरीत सालीवर घासतो, ओठांपाशी कात सुटते, आणि मग तो तिच्यातून मोजा उलटा काढावा तसा बाहेर येतो.

कात अखंड एका तुकड्यात निघाली पाहिजे. ती उचलून उजेडात धरा आणि डोक्याकडे बघा, डोळ्यांच्या जागी दोन गोल पारदर्शक टोप्या दिसल्या पाहिजेत, शेपटीचं टोक पूर्ण असलं पाहिजे. तुकड्या-तुकड्यांत निघाली तर ओलावा कमी पडला. एका झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरून ठेवा, साप स्वतःच त्यात जाऊन बसतो. चिकटून राहिलेले तुकडे असतील तर कोमट पाण्याने ओल्या केलेल्या टॉवेलमधून त्याला सरकू द्या. नखाने सोलू नका, आणि डोळ्यावरची टोपी राहिली असेल तर चिमटा वगैरे घेऊन बसू नका, डोळा जाईल. पुढच्या कातेत बहुतेक निघते, नाही निघाली तर ते पशुवैद्याचं काम.

तब्येत बिघडली हे कसं ओळखायचं

सापाला आपल्यासारखा खोकून कफ बाहेर काढता येत नाही, म्हणून छातीचा संसर्ग झाला की तो डोकं वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घेतो, शिट्टीसारखा किंवा कडकड आवाज येतो, नाकाशी बुडबुडे दिसतात. हे दिसलं की त्याच दिवशी फोन करा, आणि टँकचं तापमान आधी तपासा, कारण थंड आणि ओला टँक हेच नेहमीचं कारण.

साप तासन् तास पाण्यात बसून राहतोय, पाण्यात काळे ठिपके तरंगतायत, डोळ्यांच्या कडेला किंवा हनुवटीखाली मोहरीहून बारीक काळं काहीतरी हलतंय, तर माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, झालेत. सगळा भुसा फेकून द्या, लाकडी वस्तू काढा, कागदी टॉवेलवर आणा, आणि औषध पशुवैद्याकडूनच घ्या, घरातले झुरळांचे स्प्रे सापालाही मारतात. हिरड्या लाल, तोंडात पिवळट चिकट पदार्थ, पाठीवर पडला तर सरळ होता न येणं, डोकं आकाशाकडे वळवून ठेवणं, मागच्या भोकातून काही बाहेर आलेलं, या सगळ्यांत घरगुती उपाय शोधू नका. साप बराच काळ आजार लपवतो, दिसायला लागला म्हणजे आधीच पुढे गेलेला असतो. म्हणूनच साप आणल्यावर पहिल्या महिन्यात विष्ठेची तपासणी एकदा करून घ्या.

स्वच्छता आणि तुमचीही तब्येत

विष्ठा दिसली की लगेच काढा, तिच्यातला पांढरा खडूसारखा भाग म्हणजे लघवी, ते नॉर्मल आहे. महिन्या-दोन महिन्यांनी सगळं काढून टँक धुवा, क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) किंवा पातळ ब्लीच वापरा, भरपूर पाण्याने खळबळून वास जाईपर्यंत वाळवा. फिनाईल अजिबात नको, सापाला विषारी आहे.

निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला, म्हणजे माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू, असू शकतो. गोठवलेल्या उंदरांवरही असतो, गोठवल्याने तो मरत नाही. सापाला, टँकला, उंदराला हात लावल्यावर साबणाने हात, दरवेळी. सापाची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, उंदीर जेवणाच्या भांड्यात गरम करायचे नाहीत, सापाचा पापा घ्यायचा नाही. घरात ५ वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, खूप वयस्कर माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर साप आणायच्या आधी डॉक्टरशी बोला.

निसटला तर, आणि तुम्ही बाहेरगावी गेलात तर

निसटला तर आधी खोलीचं दार बंद करून खालची फट कपड्याने बुजवा, संडासचं झाकण लावा. साप बहुतेक टँकच्या जवळच कुठेतरी अंधारात, उबेत, चिंचोळ्या जागी असतो, फ्रिजच्या मागे, कपाटाखाली, बुटात, सोफ्याच्या आत. सोफा न बघता कोणी बसू नका. सापडला नाही तर रात्री भिंतीच्या कडेने जमिनीवर पीठ भुरभुरा, सकाळी माग दिसतो, आणि टँकमधली लपायची जागा उबदार करून जमिनीवर ठेवा. आठवडे गेले तरी शोध सोडू नका, ते सापडतात.

एक वही ठेवा, त्यात खाण्याची तारीख, उंदराचं वजन, सापाचं वजन, कात, विष्ठा, नकार एवढं लिहा. पशुवैद्य पहिला प्रश्न हाच विचारतो. वीज गेली तर टँकभोवती ब्लँकेट गुंडाळा (हवेची जागा सोडून), गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून टँकला बाहेरून टेकवा, आणि वीज बराच वेळ येणार नसेल तर त्या दिवशी खायला घालू नका.

मोठा साप आठवडाभर खाण्यावाचून आरामात राहतो, तेव्हा बाहेर जाताना कोणाला खायला घालायला सांगू नका, पाणी बदलायला आणि थर्मामीटरचा आकडा फोटो काढून पाठवायला सांगा. आणि त्या माणसाला जायच्या आधी एकदा समोर उभं करून दाखवा : झाकण उघडायच्या आधी काचेतून साप कुठे आहे ते शोधायचं, मग पाणी, मग झाकण, मग दोन्ही क्लिपा, आणि क्लिपा लावल्यावर झाकण एकदा वर ओढून बघायचं.